झोका उतरवायचा राहिला

आमचं घर धाब्याचं होतं. मातीचं सपाट छप्पर, त्यावर जायला मागच्या भिंतीला टेकवलेली बाभळीची शिडी. उन्हाळ्यात आमचा निम्मा संसार त्या धाब्यावरच चाले. तिथे पापड वाळत, मिरच्या वाळत, कुरडया वाळत आणि रात्री माणसं झोपत. चैत्र लागला की कुरडयांसाठी गहू भिजत पडायचे. तिसऱ्या दिवशी ते वाटून चीक काढायचा, पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात तो घाटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून धाब्यावरच्या खाटांवर कुरडया पाडायच्या. आम्हा पोरांना त्या चिकाचं भारी वेड. वाटीत गरम चीक, वरून कच्चं तेल आणि चिमूटभर मीठ. आजही कुणी विचारलं की आजी काय खायचंय, तर तोंडातून चीकच निघतो. सून हसते आणि बाजारातून पांढऱ्याशुभ्र कुरडयांचं पाकीट आणते. तिला काय सांगायचं!

घरात माझ्या लग्नाचा विषय निघू लागला त्या वर्षी अशाच एका पहाटे चिकाचं भांडं घेऊन मी शिडी चढत होते आणि वरच्या पायरीवरून खाली आले. चीक अंगावर सांडला नाही म्हणून सगळ्यांनी आधी देवाचे आभार मानले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की माझा उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा दिसतोय. शेजारच्या गावातून हाडं बसवणारा म्हातारा आला. त्याने पाय ओढला, बसवला, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधला आणि सांगितलं, “आखाजी व्हऊ दे, त्याना मांगे एक महिना जाऊ दे. मंग सोडा.”

खानदेशाबाहेरच्या माणसाला आखाजी काय ते थोडं सांगायला हवं. लोक तिला अक्षय्य तृतीया म्हणतात. आमच्याकडे ती बायकांची दिवाळी. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस होतो. गावात निंबाला झोके टांगतात आणि झोका टांगलेला असेपर्यंत पोरीबाळींना कुणी टोकत नाही. दुसऱ्या दिवशी गौराई डोक्यावर घेऊन नदीवर जायचं. आमच्या गावाखालून पांझरा वाहते. अलीकडे आमच्या गावच्या बाया आणि पलीकडे पलीकडच्या गावच्या. मधल्या पाण्यावरून एकमेकींना अशा शिव्या द्यायच्या की पुरुषांनी कानांत बोटं घालावी. एरवी डोक्यावरचा पदर न ढळणाऱ्या बाया त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडत आणि त्याला कुणी वावगं म्हणत नसे.

अशा सणाला पोर खाटेवर पडलेली माझ्या मायला बघवेना. माय म्हणजे माझी आई, फार मऊ काळजाची. “आखाजीले पोर खाटलावर? माले नही देखावस,” असं म्हणून तिने सणाच्या सकाळी स्वतःच्या हाताने कामट्या सोडल्या, पायाला तेल लावलं, मला नवं लुगडं नेसवलं. मी झोक्यावर बसले, दुसऱ्या दिवशी नदीवर गेले, शिव्या दिल्या. संध्याकाळी पाय सुजून मडक्याएवढा झाला. हाड पुढे जुळलं, पण पायातला जोर गेला तो गेला. मी चालले की अंग उजवीकडे पडायचं. गावात पोरं मागून माझी नक्कल करायची. मायला मी कधी दोष दिला नाही, तिने मायेपोटी केलं. पण सण असो की दुखणं, जे घाईने सोडलं ते जन्मभर बांधावं लागतं, एवढं मला तेव्हापासून कळलं.

महिन्याभरात जळगावकडून एक स्थळ आलं. कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम, बिजवर, पहिलीची तीन लेकरं. निरोप आणणाऱ्याने घरात पाणी पिता पिता सांगितलं की पोर लंगडी असली तरी त्यांना चालेल, घरात भाकरी करायला हात पाहिजेत, पाय नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, वाईट माणूस नव्हते. पण मागे आणखी दोन मुली होत्या. ते हो म्हणण्याच्या बेतात होते. मी चुलीमागे बसून ऐकत होते आणि मला त्या तीन लेकरांची नाही, पण त्या वाक्याची भीती वाटली.

तेव्हा फुई मध्ये पडली. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण, माझी आत्या. गाव तिला भागाअक्का म्हणे. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिचा नवरा नावाजलेला पहिलवान होता. एकदा लांबलेल्या तापातून उठला, अंगात पुरती ताकद आली नव्हती, तरी यात्रेतली कुस्ती सोडवेना म्हणून उतरला. कुस्ती जिंकला आणि चार दिवसांनी गेला. फुई हे एवढ्याच शब्दांत सांगायची आणि पुढे म्हणायची, “ताकद व्हती रे बाबा. धीर नव्हता.” नवऱ्याच्या सोबतीने तिला तालमीतलं सगळं ठाऊक झालेलं. पोरगी कशी बसते, कशी उठते, श्वास कुठे सोडते, तिच्या बरोबर लक्षात येई.

ती आबांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, एक वरीस दे माले. पोर लंगडी नही शे. पाय कच्चा शे.”

आबांनी तंबाखूचा बार भरला. मग म्हणाले, “पुढली आखाजीलगून थांबसू. मंग मी तुनं आयकाव नही.”

आता झोक्याची गोष्ट. गावाच्या कडेला आमची खळी होती. सुगीत तिथे मळणी चाले आणि उन्हाळ्यात ती ओस पडत. आमच्या खळ्यात एक जुना निंब होता आणि त्याला गावातला सगळ्यात मोठा झोका टांगला जाई. फुई विधवा, म्हणून ती गौराईला हात लावत नसे. झोक्याचा दोर मात्र वर्षभर तिच्या ताब्यात. टांगायचा तिने, उतरवायचा तिने. रीत अशी की आखाजी झाली, गौराई बोळवली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झोके उतरतात आणि पोरी घरात जातात. फुईने ही रीत कधी मोडली नाही. ती फक्त दर वर्षी थोडी उशीर करायची. एका वर्षी म्हणाली, गाठ घट्ट बसलीय, उद्या बघू. एका वर्षी म्हणाली, माझी पाठ धरलीय. मला कळू लागलं तोवर आमच्या खळ्यातला झोका आखाजीनंतरही पंधरवडा-महिना लोंबत असे आणि झोका लोंबतोय म्हणून दुपारी पोरी जमत. झोका एक, पोरी दहा-बारा. पाळी येईपर्यंत नुसतं उभं का राहायचं? फुई त्यांना पळायला लावी, एकमेकींना पाठुंगळी घ्यायला लावी, बैठका काढायला लावी. पदर खोचून, मुकाट्याने. बाजूने जाणाऱ्या गड्यांना ते दिसायचं. ते मान वळवून जायचे. फार तर कुणी म्हातारा ओरडायचा, “पोरीसहोन, नवरदेवले उचली लई जाश्यात का?” आणि आम्ही हसायचो.

खरं तेच सांगायचं तर त्या खळ्यात गावातल्या सगळ्या पोरी नव्हत्या. महारवाड्यातल्या पोरींचा झोका नाल्यापलीकडे, वेगळ्या निंबाला. आम्हाला तो दिसायचा, त्यांना आमचा. फुईचा धीर तेवढ्या नाल्यापलीकडे काही गेला नाही. पुढे मोठेपणी त्यांच्यातल्या एकीला मी धीराचं हे कौतुक सांगितलं, तर ती म्हणाली, “बाई, तुमचा झोका महिनाभर लांबला. आमचा नालाच उतरला नाही.” धीर धर असं दुसऱ्याला सांगण्याआधी आपण स्वतः कशासाठी थांबलोय ते पाहावं, एवढंच.

त्या वर्षी फुईची पाठ नेहमीपेक्षा जास्तच दिवस धरून राहिली आणि माझ्या बैठका त्या झोक्याच्या दोराला धरून सुरू झाल्या. दोन्ही हातांनी दोर धरायचा, हळूहळू खाली बसायचं, दोराला ओढ देऊन वर यायचं. पहिल्या दिवशी मी बसले आणि उठेचना. फुईने मला उचललं नाही. ती समोर बसून शेंगा फोडत राहिली. मी रडून झाल्यावर उठले. दुसऱ्या दिवशी जिद्दीने मी वाटेल तेवढ्या बैठका काढायला निघाले तर तिने दोर हातातून काढून घेतला. “कालनं दुखनं सरू दे, मंग एक वाढाव,” हे तिचं पालुपद. ठणका गेल्याशिवाय नवी बैठक नाही. काही वेळा एकीची दुसरी व्हायला आठवडा लागे. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, लसणाची चटणी, वर शेंगदाण्याचं तेल आणि दिवसातून दोनदा तो दोर. मला तिचा राग यायचा. मला वर्षाची मुदत दिसत होती आणि ही बाई शेंगा फोडत होती.

माझा थोरला भाऊ नाना धुळ्याला शिकायला होता. सुट्टीत आला तो खादीच्या टोपीत आणि भारावलेल्या डोळ्यांनी. तिकडे सभा, प्रभातफेऱ्या चाललेल्या. एका दुपारी त्याने खळ्यात आमच्या बैठका पाहिल्या आणि त्याला भरूनच आलं. आपल्या खेड्यात, आपल्या घरच्या बाईने, कुणी न सांगता स्त्रियांची व्यायामशाळा चालवली! तो कुणाला न बोलता चावडीवर गेला. पाटील, पंच, सगळे बसलेले. नाना उभा राहिला आणि त्याने छान शुद्ध मराठीत भाषण केलं. गावातल्या मुली खळ्यात जोर-बैठका काढतात याचा गावाला अभिमान वाटला पाहिजे, धुळ्याहून पुढारी आणून आपण रीतसर उद्घाटन करू, खुर्च्या मागवू, फलक लावू.

जे सगळ्या गावाला इतकी वर्षं दिसत होतं ते त्याने बोलून दाखवलं. आता पंचांना ते पाहिल्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. पाटील म्हणाले, “म्हंजे आमना गावमा बाया पहिलवान व्हतीन का? नि खुर्च्यावर बठीसन बाहेरगावना मानसं त्यासले देखतीन?” त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, असं मला आता वाटतं. खुर्च्यांचं नाव काढायला नको होतं. दुसऱ्या सकाळी पाटलांचा गडी दगडू विळा घेऊन खळ्यात आला. गाठी उंच होत्या, सोडायचा कंटाळा, म्हणून त्याने हात पोचला तिथून दोर कापला. खालचा तुकडा फुईने उचलला आणि गुंडाळी करून कोनाड्यात ठेवला. नाना रडकुंडीला आला होता. ती त्याला एवढंच म्हणाली, “नाना, तू बठ्ठं खरं बोलना. पन तुले इचारं कोनी व्हतं?”

नानाचा पक्षही सांगायला हवा. पुढे तो तुरुंगात गेला, लाठ्या खाल्ल्या. सगळेच फुईसारखे शेंगा फोडत बसते तर इंग्रज अजून इथेच असते, असं तो मला चिडवायचा आणि ते खरंच होतं. पण ज्या दिवशी दोर कापला त्या दिवशी मला फक्त एवढं कळत होतं की माझी मुदत चाललीय आणि हाताला धरायला काही उरलं नाही.

घरात मी खांबाला धरून बैठका काढू लागले. पोरी पांगल्या. आणि फुई? ती रोज दुपारी तेलाची वाटी घेऊन पाटलांच्या घरी जाऊ लागली. पाटलांची आई, थोरली पाटलीण, गुडघ्यांनी जखडलेली होती. जमिनीवरून उठायचं तर दोघी सुना लागत. अंगणापलीकडे तिला कुणी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. झोके, पोरी, हसणं याविरुद्ध तिची जीभ मात्र तिखट चाले. फुई तिचे गुडघे चोळू लागली. मला ते सहन होईना. एक दिवस मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

“ज्यासनी दोर काप्या, त्यासना घर पाय चोळाले जास?”

“त्या पाय पाटीलना नहीत, त्यानी मायना शेतस,” फुई म्हणाली. “तिनी काय बिगाडं तुनं? सरक.”

पावसाळा गेला, कपाशी वेचून झाली, थंडीत पहाटे मोटेची करकर आणि वारा तिकडून आला की धुळ्याच्या गिरणीचा भोंगा ऐकू येई. भोंगा झाला की मी उठायची आणि खांबाला धरायची. जळगावहून दोनदा निरोप आला, आबांनी दोन्हीदा “आखाजीनंतर” म्हणून माणूस लावून दिला. माझा पाय भरत होता, पण इतका हळू की रोज पाहणाऱ्या मायलाही फरक दिसत नसे. फुई पाटलांकडून येऊन मला काही सांगत नसे. एकदाच म्हणाली, “आज म्हतारी खांब धरीसन उठनी,” आणि भाकऱ्या थापायला बसली. मी तेव्हा तिच्याशी बोलत नव्हते.

आखाजी आली. सणाचा झोका कुणी पाटील अडवू शकत नाही. फुईने नवा दोर वळून घेतला होता, तो टांगला. पाटलांनी मात्र आधीच दवंडी देववली की गौराई बोळवली की दुसऱ्याच दिवशी गावातले सगळे झोके उतरले पाहिजेत. नदीवर जायच्या दिवशी मायने गौराईची पाटी माझ्या डोक्यावर दिली. आबा चावडीच्या ओट्यावर बसले होते, तिथूनच वाट जाते. सगळा गाव बघत होता आणि मला त्यातले फक्त आबा दिसत होते. जाताना उतार होता, मी सरळ गेले. येताना, शिव्या देऊन घसा बसलेला, वाळू तापलेली, चढावर माझा पाय दमला आणि अंग उजवीकडे पडलं. एकदाच. आबांनी मान खाली घातली. रात्री मायला म्हणाले, “परवा जळगाववाला ई राहिना.” खापराच्या पोळ्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दगडू विळा घेऊन खळ्याकडे निघाला आणि रिकामटेकडे लोक त्याच्या मागे. नाना होता, आबाही होते. भांडण होईल आणि ते आवरावं लागेल म्हणून आले असावेत. आम्ही पोरी निंबाखाली उभ्या होतो. फुई नेहमीसारखी शेंगा फोडत बसलेली. तेवढ्यात पाटलांच्या घराच्या बाजूने थोरली पाटलीण येताना दिसली. हातात काठी, बरोबर कुणी नाही. चार पावलं टाकावीत, थांबावं, पुन्हा चार पावलं. तिला स्वतःच्या पायांवर चालताना पाहून दगडूचं तोंड उघडंच राहिलं. ती सरळ झोक्यापाशी आली, काठी माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी दोर धरला आणि हळूहळू, तोंड वाकडं करत, फळीवर बसली. मग पायाने जमीन ढकलून तिने एक लहानसा झोका घेतला.

दगडू म्हणाला, “माय, उतरा व. दोर सोडाना शे.”

“मना झोका आजून व्हयना नही,” पाटलीण म्हणाली. “आठ दिनमा ये.”

“पाटीलनी सांगेल शे...”

“मंग पाटीलले सांग, तुन्ही माय झोकावर बठेल शे. मी उतराव नही.”

कुणी हसलं नाही, कारण तिच्यासमोर हसायची छाती गावात कुणाची नव्हती. नानाने तोंड उघडलं, फुईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने ते मिटलं. मी काठी हातात घेऊन उभी होते. फुई शेंगांची टरफलं झटकत मला म्हणाली, “तू कसाले देखी राहिनी? तुन्या बैठका बाकी शेतस.”

सवयीने मी दोराकडे हात नेला. दोराच्या दोन्ही बाजूंना पाटलिणीच्या मुठी होत्या. मी काठी खाली ठेवली. पदर खोचला, हात पुढे धरले, खाली बसले आणि कशालाही न धरता वर आले. मग पुन्हा बसले. खळ्याच्या कडेला आबा उभे होते. ते माझ्याकडे पाहत राहिले, मग चपला सरकवून घराकडे गेले. संध्याकाळी जेवताना त्यांनी भाकरी मोडत सांगितलं, “त्या जळगाववालाले मी नही सांगी धाडं.” मायने पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या ताटात आणखी रस वाढला. मी त्या रात्री फुईच्या अंथरुणात झोपले, वर्षभरात पहिल्यांदा.

पाय अजूनही दमला की अंग उजवीकडे जातं. डॉक्टर म्हणतात, या वयात एवढ्या बैठका नकोत. मी मान डोलावते. फुईने पाटलिणीचे गुडघे चोळले ते झोक्यासाठी की गुडघ्यांसाठी, हे मी तिला पुढे कितीदा विचारलं. दरवेळी तिला नेमकं तेव्हाच कसलं तरी काम आठवायचं.

त्या वर्षी झोका उतरवायचा राहिला. आठ दिवसांनी कुणी आलं नाही, महिन्यानेही नाही. पोरी दुपारी येत राहिल्या. भर श्रावणात दोर पावसाने कुजून आपोआप तुटला. दुसऱ्या सकाळी दगडू खळ्यात हजर. खांद्यावर पाटलांच्या मोटेचा नवाकोरा नाडा, म्हणजे मोट ओढायचा जाड दोर. निंबावर चढून त्याने घट्ट गाठी मारल्या, त्याला स्वतः लोंबकळून पाहिलं आणि खाली उतरून फुईला म्हणाला, “पाटीलनी मायनी सांगेल शे, भागाअक्का, गाठ असी मार, का तुले बी सोडता येवाले नको.”